औषधांना दाद न देणारे जिवाणू: ओळखायचे कसे, अडवायचे कसे

रक्तात जिवाणू शिरून पेशंटचं ब्लड प्रेशर कोसळायला लागलं, की डॉक्टरांच्या हातात फार वेळ नसतो. अशा वेळी अँटिबायोटिकचा पहिला डोस शक्यतो तासाभरात द्यावा, असं सेप्सिसच्या उपचारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण हा जिवाणू कोणता आणि तो कशाने मरेल, हे सांगणारा कल्चरचा, म्हणजे लॅबमध्ये जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, रिपोर्ट हाती यायला सहसा दोन ते तीन दिवस जातात. तोवर औषध अंदाजानेच द्यावं लागतं. हा अंदाज आता चुकायला लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार, २०२३ मध्ये लॅबमध्ये खात्री झालेल्या दर सहा जिवाणू संसर्गांपैकी एक संसर्ग अँटिबायोटिकला न जुमानणारा होता.

अंदाज चुकला तर नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. औषध कमी पडलं तर पेशंट हातचा जातो. म्हणून सरसकट सगळ्यांना सगळ्यात जोरदार औषध द्यायचं ठरवलं, तर त्याच औषधाला न जुमानणारे जिवाणू वॉर्डात फोफावतात आणि पुढच्या पेशंटसाठी हाताशी काही उरत नाही. २०१९ या एका वर्षात औषध-प्रतिरोधामुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जागतिक अंदाज १२ लाख ७० हजार इतका आहे. ज्या मृत्यूंशी प्रतिरोधाचा काही ना काही संबंध होता असे मृत्यू धरले, तर हा आकडा ४९ लाख ५० हजारांवर जातो.

नवं अँटिबायोटिक आलं की त्याची बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण माझं ठाम मत असं आहे, की आज जास्त जीव वाचू शकतात ते दोन कमी बोलल्या जाणाऱ्या कामांनी. एक, जिवाणू लवकर आणि नेमका ओळखणं. दोन, तो शेजारच्या खाटेपर्यंत पोचण्याआधी त्याची वाट अडवणं. ही दोन्ही कामं एकाच लॅबमधून सुरू होतात, म्हणून ती इथे एकत्रच समजावून सांगतो.

सवय शरीराला होत नाही

"मला अँटिबायोटिकची सवय झाली आहे, आता ते लागू पडत नाही," असं अनेक जण म्हणतात. सवय माणसाच्या शरीराला होत नसते. औषधाला दाद न देण्याचा गुण जिवाणूत असतो. म्हणूनच आयुष्यात कधी अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसालाही प्रतिरोधक जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. दुसऱ्या कुणाच्या शरीरात टिकून राहिलेला, तयार जिवाणूच त्याच्यापर्यंत पोचलेला असतो.

हा गुण माणसाने निर्माण केलेला नाही. मातीतले सूक्ष्मजीव लाखो वर्षांपासून एकमेकांवर अशी रसायनं सोडत आले आहेत आणि त्यांच्यापासून बचावही करत आले आहेत. सुमारे ३० हजार वर्षं गोठून राहिलेल्या जमिनीत प्रतिरोधाची जनुकं सापडल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. पेनिसिलिनची गोष्ट तर विलक्षण आहे. पेनिसिलिन मोडून टाकणारं एक एन्झाइम जिवाणूत असतं, हे एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी डिसेंबर १९४० मध्येच लिहिलं होतं. ऑक्सफर्डला त्यांच्या गटाने पेनिसिलिनने पेशंटवर उपचार सुरू केले ते त्यानंतर, १९४१ मध्ये. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीही १९४५ च्या नोबेल व्याख्यानात, अपुरा डोस देऊन आपण जिवाणूंना या औषधाविरुद्ध तयार करू, असा इशारा दिला होता.

आपण करतो ती निवड. चांगलं पोषण आणि ऊब मिळाली, तर ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. अशा वेगाने वाढणाऱ्या कोट्यवधींच्या झुंडीत नकळत झालेल्या बदलाने एखाददुसरा औषधाला तोंड देऊ शकणारा निघतोच. औषध दिलं की बाकीचे मरतात, हा उरतो, आणि मोकळी झालेली सगळी जागा त्याच्या वंशजांना मिळते.

एवढ्यावर थांबलं असतं तर प्रश्न बराच सोपा होता. पण प्रतिरोधाची जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या, सुट्या वर्तुळावर असतात. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी बाकाबाकावरून फिरावी, तसं हे प्लाझ्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातं, आणि दुसरा त्याच जातीचा असायलाच हवा असंही नाही. क्लेब्सिएला नावाच्या जिवाणूकडचं प्लाझ्मिड ई. कोलायकडे जाऊ शकतं. एकाच प्लाझ्मिडवर चार-पाच वेगवेगळ्या औषधांविरुद्धची जनुकं असतील, तर त्यातलं कुठलंही एक औषध वापरलं तरी बाकीचा प्रतिरोधही आपोआप टिकून राहतो.

हे जिवाणू नेमकं करतात काय? कुणी औषध मोडणारं एन्झाइम बनवतो. कुणी पेशीच्या बाहेरच्या आवरणातली, औषध आत येण्याची छिद्रं कमी करतो. कुणी आत आलेलं औषध पंपासारख्या प्रथिनांनी बाहेर फेकतो. कुणी औषध जिथे चिकटायला हवं ती जागाच बदलून टाकतो. एमआरएसए या नावाने बदनाम झालेला स्टॅफिलोकॉकस हे शेवटचं करतो. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक वापरात आल्यावर अगदी थोड्या काळात, १९६१ मध्ये, ब्रिटनमधून त्याची नोंद झाली.

रक्ताच्या बाटलीपासून रिपोर्टपर्यंत

पेशंटचे नातेवाईक "रिपोर्ट आला का?" असं विचारत असतात, तेव्हा लॅबमध्ये काय चाललेलं असतं, ते एकदा नीट पाहू.

सुरुवात रक्त घेण्यापासून होते आणि बरंचसं यश किंवा अपयश तिथेच ठरतं. मोठ्या माणसाच्या रक्तातल्या संसर्गात एका मिलिलिटरमध्ये कित्येकदा एखादाच जिवाणू असतो, कधी तोही नसतो. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवं, आणि ते दोन वेगळ्या ठिकाणांहून घेऊन निदान चार बाटल्या भरायला हव्यात. दोन ठिकाणं का? आपल्या त्वचेवर निरुपद्रवी जिवाणू असतातच. सुईबरोबर ते एका बाटलीत गेले, तर खरा संसर्ग आणि त्वचेवरून आलेली भेसळ यांत गोंधळ होतो. दोन्ही ठिकाणच्या रक्तात तोच जिवाणू निघाला, तर तो खरा असण्याची शक्यता खूप वाढते. आणि हे रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी घ्यायचं. डोस गेल्यावर घेतलेल्या रक्तात जिवाणू वाढतच नाही असं बऱ्याचदा होतं, आणि मग पुढचा सगळा उपचार अंदाजावरच चालतो. महागड्या मशीनपेक्षा हे पहिलं पाऊल नीट पडणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

बाटल्या मशीनमध्ये जातात. जिवाणू वाढायला लागला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, बाटलीच्या तळाशी असलेला सेन्सर तो टिपतो आणि मशीन इशारा देतं. बाटल्या साधारण पाच दिवस आत ठेवतात, पण खरा संसर्ग असेल तर बहुतेकदा पहिल्या एक-दोन दिवसांतच इशारा येतो. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन ग्राम स्टेन करतात, म्हणजे जिवाणू रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहतात. हान्स क्रिश्चियन ग्राम यांची ही पद्धत १८८४ ची आहे आणि आजही तिला तोड नाही. जांभळे गोल पुंजके दिसले तर स्टॅफिलोकॉकसचा संशय, गुलाबी काड्या दिसल्या तर ई. कोलाय किंवा क्लेब्सिएलाच्या गटाचा. लॅबमधून वॉर्डात पहिला फोन जातो तो याच वेळी. छापील रिपोर्ट अजून लांब असतो, पण त्या एका फोनवर औषध बदललं जातं.

पुढची पायरी जिवाणूचं नाव. पूर्वी त्यासाठी रात्रभर वेगवेगळ्या रासायनिक चाचण्या लावायला लागायच्या. आता माल्डी-टॉफ नावाचं यंत्र हे काम काही मिनिटांत करतं. जिवाणूचा कणभर नमुना एका रसायनात मिसळून त्यावर लेसर मारतात. त्यातली प्रथिनं उडून एका निर्वात नळीतून धावतात, हलकी आधी पोचतात, जड मागाहून. त्यातून जो आलेख मिळतो तो प्रत्येक जातीचा वेगळा असतो. पण नाव कळलं म्हणजे औषध कळलं असं होत नाही. एकाच नावाचे दोन क्लेब्सिएला औषधांच्या बाबतीत पूर्ण वेगळे वागू शकतात.

त्यासाठी लागते ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध चालतं याची चाचणी. सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळीकडे वापरली जाणारी पद्धत डिस्कची. ठरावीक घट्टपणाचं जिवाणूंचं पाणी करून ते ४ मिलिमीटर जाडीच्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, एकसारखं पसरतात, त्यावर औषधात भिजवलेल्या ६ मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतात आणि प्लेट ३५ अंश तापमानात १६ ते १८ तास ठेवतात. सकाळी प्लेट उघडली की सगळीकडे जिवाणूंची दुधाळ साय आलेली असते आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल. औषध जिथवर पसरलं आणि पुरलं तिथवर जिवाणू वाढला नाही. तो गोल पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. १९६६ मध्ये किर्बी आणि बाउर यांच्या नावाने ही पद्धत पक्की झाली.

या प्लेटवर नुसतं मोजून भागत नाही, नीट पाहावंही लागतं. स्टॅफिलोकॉकसच्या प्लेटवर क्लिंडामायसिनची चकती एरिथ्रोमायसिनच्या जवळ मुद्दाम ठेवतात. क्लिंडामायसिनचा गोल मोठा आला तर औषध चालतं असं वाटेल. पण एरिथ्रोमायसिनच्या बाजूने तो गोल चपटा होऊन इंग्रजी डी अक्षरासारखा दिसला, तर आतमध्ये प्रतिरोध दडलेला आहे आणि उपचार सुरू झाल्यावर तो वर येऊ शकतो. मोजपट्टी ज्याला चालतं म्हणाली असती, त्याला तंत्रज्ञाची नजर थांबवते.

वेळ वाचवण्यासाठी युरोपच्या युकास्ट या संस्थेने याच पद्धतीचं जलद रूप आणलं आहे. पॉझिटिव्ह बाटलीतलं रक्त थेट प्लेटवर पसरायचं आणि ४, ६ किंवा ८ तासांनी गोल वाचायचा, त्यासाठीचे वेगळे निकष वापरून. नवं यंत्र न घेता जवळजवळ एक दिवस वाचतो. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं, कारण साध्या लॅबलाही ते जमण्यासारखं आहे.

रिपोर्ट वाचताना होणारी गल्लत

बऱ्याच रिपोर्टवर औषधाच्या नावापुढे एक आकडा असतो. त्याला एमआयसी म्हणतात. जिवाणूची वाढ थांबवायला औषधाचं कमीत कमी किती प्रमाण लागतं, ते हा आकडा सांगतो. औषधाची तीव्रता एका नळीतून दुसऱ्या नळीत दुप्पट करत जातात, आणि ज्या नळीतलं पाणी पहिल्यांदा स्वच्छ राहतं तो आकडा लिहितात.

गल्लत इथे होते. एका औषधापुढे ०.५ आणि दुसऱ्यापुढे ४ लिहिलेलं दिसलं, की ०.५ वालं औषध आठपट चांगलं असं लोक समजतात. तसं नसतं. प्रत्येक औषधाची रक्तातली पातळी, डोस आणि शरीरात पसरण्याची रीत वेगळी असते, म्हणून प्रत्येकाची मर्यादा वेगळी ठरवलेली असते. एका औषधासाठी ४ ही खुशाल चालणारी किंमत असेल, तर दुसऱ्यासाठी ०.५ सुद्धा धोक्याची असू शकते. आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात, त्या त्या औषधाच्या मर्यादेशी ताडायचे असतात. हे काम एस (औषध चालतं), आय आणि आर (औषध चालत नाही) ही अक्षरं करतात. त्यातल्या आय चा अर्थ युकास्टने २०१९ पासून स्पष्ट केला आहे: औषध चालेल, पण डोस वाढवून किंवा शरीरात ते पुरेसं पोचेल अशा पद्धतीने द्यायला हवं.

आणि रिपोर्टवर एस लिहिलं म्हणजे विषय संपला असंही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पेशंटमध्ये दोन औषधांची तुलना करणाऱ्या मेरिनो चाचणीने हे फार कठोरपणे दाखवलं. सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाचा रक्तातला संसर्ग झालेले पेशंट त्यात होते. लॅबच्या मते त्यांचे जिवाणू पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम या दोन्ही औषधांना दाद देणारे होते. तरी ३० दिवसांत पहिल्या औषधाच्या गटात १२.३ टक्के पेशंट दगावले, दुसऱ्या गटात ३.७ टक्के. नंतर तेच जिवाणू द्रवातल्या काटेकोर पद्धतीने पुन्हा तपासले, तेव्हा त्यातले काही मुळात पहिल्या औषधाला दाद देणारे नव्हतेच असं दिसलं. ते वगळल्यावर दोन गटांमधला फरक कमी झाला. लॅबमधल्या चाचणीची पद्धत थोडी ढिली असली तर त्याची किंमत पेशंट मोजतो, इतका थेट हा संबंध आहे.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकचंही तसंच. हा रेणू मोठा असल्यामुळे अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे साध्या डिस्कने त्याचा रिपोर्ट देऊच नये, असं जाणकार सांगतात. चीनमधून २०१५ मध्ये नोंदवलं गेलेलं एमसीआर-१ हे जनुक कोलिस्टिनचा प्रतिरोध प्लाझ्मिडवरून पसरवतं, हे कळल्यापासून तर ही काळजी जास्तच घ्यावी लागते.

एन्झाइमचा प्रकार का विचारायचा

मेरोपेनेम हे कार्बापेनेम गटातलं औषध. गंभीर संसर्गात बाकीची चालेनाशी झाली की याच्याकडे वळतात. त्याला मोडणाऱ्या एन्झाइमना कार्बापेनेमेज म्हणतात. केपीसी, ओएक्सए-४८, एनडीएम, व्हीआयएम आणि आयएमपी हे त्यांचे पाच मोठे गट. रिपोर्टवर मेरोपेनेमपुढे आर आलं, एवढ्यावर पूर्वी थांबत असत. आता थांबून चालत नाही.

कारण असं. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेलं सेफ्टाझिडीम-अॅव्हिबॅक्टम हे जोड-औषध घ्या. यातला अॅव्हिबॅक्टम केपीसी आणि ओएक्सए-४८ ला निकामी करतो, पण एनडीएमला अजिबात नाही, कारण एनडीएमची रचना वेगळी आहे, ते जस्ताच्या अणूंच्या मदतीने औषध मोडतं. एनडीएम असलेल्या पेशंटला हे औषध एकटं दिलं तर पैसा, वेळ आणि पेशंट तिन्ही हातचे जाण्याचा धोका. मग एनडीएमवर काय? अॅझट्रिओनाम नावाचं जुनं औषध एनडीएमला मोडता येत नाही. पण एनडीएम असलेल्या जिवाणूकडे बहुधा दुसरीही एन्झाइम असतात आणि ती अॅझट्रिओनामला मोडतात. त्या दुसऱ्या एन्झाइमना अॅव्हिबॅक्टम अडवतो. म्हणून अॅझट्रिओनाम आणि अॅव्हिबॅक्टम एकत्र दिले की काम होतं. युरोपात या जोडीला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. एन्झाइमचा प्रकार कळल्याशिवाय ही निवड करताच येत नाही.

प्रकार ओळखायची एक सुंदर चाचणी अगदी साध्या साहित्यात होते. संशयित जिवाणू थोड्या द्रवात कालवायचा, त्यात मेरोपेनेमची एक चकती टाकायची आणि चार तास ठेवायची. मग ती चकती बाहेर काढून, औषधाला हमखास दाद देणाऱ्या ई. कोलायने माखलेल्या प्लेटवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी पाहायचं. संशयित जिवाणूकडे कार्बापेनेमेज असेल, तर त्याने चार तासांत चकतीतलं औषध खाऊन टाकलेलं असतं, आणि बिचारा सौम्य ई. कोलायसुद्धा चकतीच्या कडेपर्यंत वाढतो. नसेल तर चकतीभोवती मोठा स्वच्छ गोल दिसतो. आता दुसऱ्या नळीत हेच करायचं, पण ईडीटीए नावाचं रसायन घालून. ईडीटीए जस्त पकडून ठेवतं. पहिल्या नळीत औषध मोडलं आणि दुसऱ्या नळीत ते वाचलं, तर एन्झाइम जस्तावर चालणारं, म्हणजे एनडीएम, व्हीआयएम किंवा आयएमपी यांपैकी. कागद, द्रव आणि एक रात्र, एवढ्यात केवढी माहिती हाती येते!

घाई असेल तर जलद चाचण्या आहेत. कार्बा एनपी चाचणीत औषध मोडलं की आम्ल तयार होतं आणि लाल रंगाचा पिवळा होतो, दोन तासांच्या आत. घरी करायच्या कोविड चाचणीच्याच तत्त्वावर चालणाऱ्या पट्ट्या पाचही गटांची एन्झाइम १५ मिनिटांत ओळखतात. पीसीआर थेट जनुक शोधतं. त्याची मर्यादा एवढीच, की जे जनुक विचारलं तेच ते सांगतं. यादीत नसलेलं नवं जनुक किंवा आवरणातली छिद्रं बंद करून आलेला प्रतिरोध त्याला दिसत नाही. म्हणून पीसीआर निगेटिव्ह आलं तरी प्लेटवरची चाचणी सोडायची नसते.

क्षयरोगात मात्र जनुक पाहण्याच्या पद्धतीने चित्रच पालटलं. क्षयाचा जिवाणू इतका सावकाश वाढतो की कल्चरला कित्येक आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारस केलेली जीनएक्सपर्ट चाचणी क्षयाचा जिवाणू आणि त्याचा रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाला असलेला प्रतिरोध सुमारे दोन तासांत सांगते.

पण लवकर आलेला रिपोर्ट कुणी वाचलाच नाही तर? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रक्तसंसर्गाच्या पेशंटचे तीन गट केले होते. एकाला नेहमीची पद्धत, दुसऱ्याला जलद पीसीआर, तिसऱ्याला जलद पीसीआर आणि सोबत तो निकाल पाहून लगेच सल्ला देणारी अँटिबायोटिक-तज्ज्ञांची टीम. गरज नसलेलं जोरदार औषध सर्वांत लवकर कमी झालं ते तिसऱ्या गटात. नुसत्या जलद चाचणीने ते लवकर झालं नाही. यंत्र विकत घेताना त्याचा निकाल रात्री दोन वाजता कोण पाहणार, हे आधी ठरवायला हवं.

आजारी नसलेला वाहक

जिवाणू ओळखण्याचं काम इथे अडवण्याच्या कामाला जोडलं जातं. प्रतिरोधक क्लेब्सिएला बऱ्याच पेशंटच्या आतड्यात कसलाही त्रास न देता राहतो. ताप नाही, जुलाब नाही, कल्चर पाठवायचं काही कारणच नाही. पण त्याच पेशंटला हात लावलेल्या हातांनी, त्याच्या बिछान्याच्या कठड्यावरून, सामायिक उपकरणांवरून जिवाणू पुढे जात राहतो. ज्यांच्या रक्तात किंवा लघवीत तो सापडला त्यांचीच मोजदाद केली, तर मागचा मोठा जथा नजरेआडच राहतो.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या क्लिनिकल सेंटरमध्ये २०११ मध्ये हेच घडलं. केपीसी असलेला क्लेब्सिएला घेऊन एक पेशंट तिथे दाखल झाली. सुरुवातीपासून तिला वेगळं ठेवलं होतं. ती घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसऱ्या पेशंटमध्ये तोच जिवाणू दिसला. मग एकेक करत तो एकूण १८ जणांपर्यंत पोचला. त्यातले ११ दगावले, आणि सहा मृत्यू या संसर्गामुळे झाल्याचं मानलं गेलं. संशोधकांनी प्रत्येक पेशंटच्या जिवाणूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला. एकमेकांपासून अवघ्या काही अक्षरांनी वेगळे असलेले ते जीनोम जुळवल्यावर कळलं, की पहिल्या पेशंटकडून जिवाणू तीन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडला होता, आणि पुढे तो अशा वाटांनी गेला होता ज्यांचा कुणाला संशयही आला नव्हता. सिंकच्या ड्रेनमध्ये आणि साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही तो सापडला.

सिंकचा मुद्दा अजूनही पुरेसा गांभीर्याने घेतला जात नाही, असं मला वाटतं. ड्रेनच्या आत जिवाणू चिकट थर करून राहतात. त्या थराला बायोफिल्म म्हणतात आणि जंतुनाशक त्याच्या आतपर्यंत पोचत नाही. नळाची धार थेट ड्रेनवर पडली की शिंतोडे उडतात, आणि शेजारी ठेवलेल्या साहित्यावर बसतात. उरलेली औषधं, सलाइन त्याच सिंकमध्ये ओतली, तर जिवाणूंना पोषण आणि अँटिबायोटिक दोन्ही मिळतं.

अडवण्यासाठी काय करायचं, हे इस्रायलने दाखवलं. तिथे केपीसीचा क्लेब्सिएला २००६ पासून देशभर पसरत होता. मार्च २००७ पर्यंत २७ हॉस्पिटलांत १,२७५ पेशंट झाले होते. मग आरोग्य मंत्रालयाने संपूर्ण देशासाठी एकच नियम घातला: प्रत्येक वाहकाला वेगळं ठेवायचं, त्याच्यासाठी वेगळे कर्मचारी नेमायचे, त्याची रोज नोंद करायची आणि ती वरपर्यंत कळवायची. दर एक लाख पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस दाखल असला की एक पेशंट-दिवस) महिन्याला ५५.५ असलेलं नव्या पेशंटचं प्रमाण मे २००८ पर्यंत ११.७ वर आलं. यात कुठलंही नवं औषध नव्हतं.

वाहक शोधण्याची रीत साधी आहे. गुदद्वाराचा स्वॅब घेऊन तो अशा माध्यमावर लावतात, ज्यात प्रतिरोधक जिवाणूच वाढतात आणि त्यांच्या वसाहती ठरावीक रंगाच्या दिसतात. आयसीयूत दाखल होताना किंवा दुसऱ्या हॉस्पिटलमधून आलेल्या पेशंटचा हा स्वॅब बऱ्याच ठिकाणी आता घेतला जातो. पेशंटला आणि नातेवाइकांना तो का घेतोय हे सांगितलं, तर संकोच बराच कमी होतो. पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच औषध सुरू करायचं नसतं. वाहकाला अँटिबायोटिक देऊन आतड्यातला जिवाणू जात नाही, उलट त्याच्या शेजारचे चांगले जिवाणू मरून त्याला मोकळं रान मिळतं.

हात धुण्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. हात धुतल्याने संसर्ग कमी होतो हे डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नात सिद्ध केलं. आज अल्कोहोलचं द्रावण खाटेशेजारी असलं, की हात स्वच्छ करण्याचं प्रमाण वाढतं. त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे गरज संपलेली नळी काढणं. लघवीचा कॅथेटर, मानेतली सेंट्रल लाइन, प्रत्येक नळीवर बायोफिल्म चढतं, आणि ती आत असेपर्यंत रोज संसर्गाची शक्यता वाढत जाते. "ही नळी आज लागतेय का?" हा प्रश्न रोजच्या राउंडमध्ये विचारायलाच हवा.

सात दिवस की चौदा

"कोर्स अर्धवट सोडला तर जिवाणू पक्के होतात," हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. क्षयरोगाला ते पूर्णपणे लागू आहे. तिथे महिनोन्महिने औषध लागतं आणि मध्ये सोडलं तर प्रतिरोध उभा राहतो. पण बाकीच्या बऱ्याच संसर्गांत चित्र वेगळं आहे. शरीरात औषध जितके जास्त दिवस राहील, तितके दिवस आतड्यातल्या आणि त्वचेवरच्या साध्या जिवाणूंवरही त्याचा मारा होतो, आणि त्यातून प्रतिरोधक जिवाणूंना वाव मिळतो.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅलन्स चाचणीत सात देशांतले रक्तसंसर्गाचे ३,६०८ पेशंट होते. काहींना ७ दिवस औषध दिलं, काहींना १४ दिवस. ९० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण ७ दिवसांच्या गटात १४.५ टक्के, तर १४ दिवसांच्या गटात १६.१ टक्के होतं, म्हणजे कमी दिवसांचा उपचार कुठेही मागे पडला नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा संसर्ग, प्रतिकारशक्ती फार कमी असलेले पेशंट अशांना या चाचणीतून वगळलं होतं, त्यामुळे हा निष्कर्ष त्यांना लावायचा नाही. आणि याचा अर्थ बरं वाटलं की आपल्या मनाने गोळ्या बंद करायच्या असाही नाही. किती दिवस, हा प्रश्न पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचा, आणि कल्चरचा निकाल आल्यावर पुन्हा विचारायचा.

पेशंट आणि नातेवाइकांच्या हातात असलेली एक गोष्ट मात्र हमखास उपयोगी पडते. कल्चरचा जुना रिपोर्ट टाकून देऊ नका. आतड्यातला प्रतिरोधक जिवाणू कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना याची काही कल्पना नसते. दाखल होतानाच तो रिपोर्ट दाखवा, फोनमध्ये फोटो असला तरी चालेल. त्यावर जिवाणूचं नाव, सॅम्पलची तारीख आणि कार्बापेनेमेजचा प्रकार एवढं दिसलं, तरी डॉक्टरांना पहिलं औषध त्यानुसार निवडता येतं, आणि पेशंटला पहिल्या दिवसापासून वेगळी खोली देता येते.